बंदुकीला सायलेन्सर लावलेला असूनही पहिलाच बार मोठा का वाजतो?

तुमच्या भाच्याने सांगितलेलं ‘नळी थंड होती म्हणून’ हे कारण पटण्यासारखं आहे, पण खरं नाही. पहिला बार मोठा वाजतो तो सायलेन्सरच्या पोटात भरलेल्या साध्या हवेमुळे. नेमकं सांगायचं तर त्या हवेतल्या ऑक्सिजनमुळे.

बाकीच्या वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही भाच्याकडे नॉर्वेला गेला होतात. तिथे शिकारी आणि नेमबाज सायलेन्सर सर्रास वापरतात. कान शाबूत राहतात आणि आसपासच्या वस्तीला त्रास होत नाही. भाच्याने नेमबाजीच्या रेंजवर .२२ची (नळीचं भोक ०.२२ इंचाचं) बोल्टवाली रायफल हातात दिली, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागे ओढायची. पहिली गोळी झाडली तेव्हा चांगला ‘फट्ट’ आवाज आला, पुढच्या सगळ्या नुसत्या ‘टुक्’. मग कॉफी प्यायला गेलात, परत येऊन झाडली, तर पुन्हा पहिली मोठी आणि बाकीच्या बारीक. हा कॉफीचा तपशील तुम्ही आवर्जून लिहिलात ते फार बरं केलंत. निम्मं उत्तर त्यातच आहे.

माझी नोकरी पुण्यात स्फोटक आवाज आणि दाब मोजण्यात गेली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, पाषाणला एआरडीई आणि एचईएमआरएल या शस्त्रं आणि स्फोटकांवर संशोधन करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळा. त्यामुळे बंदुकीची दारू कशी जळते यावर तासन्‌तास बोलणारी माणसं या शहरात मला कायम भेटत आली. तरीसुद्धा हा पहिल्या बाराचा प्रश्न निघाला की चांगले अनुभवी लोकही ‘थंड नळी’वर येऊन थांबतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सायलेन्सर काय करतो ते पाहू. गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हा तिच्यामागे प्रचंड दाबाचा, तापलेला वायू असतो. तो एकदम मोकळ्या हवेत सुटला की धमाका होतो. सायलेन्सर म्हणजे नळीच्या तोंडाला लावलेला पोकळ डबा. त्यात एकामागे एक आडपडदे असतात आणि मधोमध गोळी जाईल एवढं भोक. वायू या कप्प्यांत पसरतो, फिरतो, धातूला उष्णता देतो आणि थोडा उशिरा, कमी दाबाने बाहेर येतो. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन माणसाने १९०९ मध्ये याचं पेटंट घेतलं. मॅक्सिम मशीनगन बनवणाऱ्या हायरम मॅक्सिमचा हा मुलगा. मोटारीच्या सायलेन्सरवरही त्याने काम केलं, आणि दोन्हींत तत्त्व एकच आहे : वायूला जागा द्या, वेळ द्या, थंड होऊ द्या.

पहिल्या बाराला नेमकं याच्या उलट घडतं. डब्यात वायू थंड व्हायच्या ऐवजी पुन्हा पेटतो.

हे समजायला दारूचं रसायन बघायला हवं. आजच्या काडतुसातली धूरविरहित दारू मुख्यतः नायट्रोसेल्युलोजची. जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या रेणूतच असतो, पण तो पुरेसा नसतो. त्यामुळे नळीत ती अर्धवटच जळते. बाहेर येणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळून निम्म्याहून जास्त भरतात. बाकी पाण्याची वाफ, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड. पहिले दोन्ही वायू उत्तम इंधन आहेत. म्हणजे बंदुकीच्या तोंडातून जे निघतं तो निव्वळ धूर नसतो, तो जळायला टपलेला गरम वायू असतो आणि त्याला फक्त ऑक्सिजनची वाट असते. सायलेन्सर नसलेल्या रायफलच्या तोंडाशी रात्री जो मोठा भडका दिसतो तो बराचसा याचाच : बाहेरच्या हवेत मिसळून वायू दुसऱ्यांदा जळतो. हा भडका दबावा म्हणून दारूत पोटॅशियमचे क्षार घालतात.

आता पहिला बार. डब्यात साधी हवा आहे, तिच्यात २१ टक्के ऑक्सिजन. तापलेला, जळाऊ वायू वेगाने आत घुसतो, पडद्यांवर आपटतो. आपटल्यावर धक्कालहरींनी तो आणखी तापतो, हवेत घुसळला जातो आणि पेट घेतो. बंद जागेत उष्णता वाढली की दाब वाढतो, आणि तो वाढलेला दाब गोळीच्या मागोमाग पुढच्या भोकातून बाहेर येतो. तुम्ही ऐकलेला ‘फट्ट’ तो हाच.

लक्ष्मी रोडवर एखादी बुलेट मोटारसायकल ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून फाट्‌फाट् करते ना, तिथेही हेच चाललेलं असतं. इंजिनात न जळलेलं पेट्रोल गरम सायलेन्सरमध्ये हवेला भेटतं आणि तिथेच पेटतं.

दुसऱ्या गोळीच्या वेळी डब्यात ही हवा उरलेलीच नसते. पहिल्या बाराने थोडा ऑक्सिजन जाळला, उरलेली हवा पुढे ढकलून दिली आणि जागा जळक्या वायूने भरली. एक ग्रॅम दारूपासून साध्या तापमानाला मोजला तर साधारण एक लिटर वायू होतो. .२२च्या काडतुसात दारू असते ०.१ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शंभर घन सेंटिमीटर वायू. डब्याची पोकळी त्याहून लहान. एका गोळीत डबा जवळजवळ धुऊन निघतो. दुसऱ्या वेळी वायूला जळायचं असलं तरी आत ऑक्सिजन नाही. तो निमूट पसरतो, थंड होतो, ‘टुक्’ करून बाहेर येतो.

मग डब्यातल्या एवढ्याशा ऑक्सिजनने खरंच इतका फरक पडेल का? ही शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर कागदावर चार ओळींत निघतं. .२२च्या सायलेन्सरची पोकळी ६० घन सेंटिमीटर धरा. त्यातला ऑक्सिजन साडेबारा घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमोल (मोल म्हणजे रेणूंची संख्या मोजायचं माप). एक मोल ऑक्सिजनने कार्बन मोनॉक्साइड जाळला तर ५६६ किलोज्यूल उष्णता निघते. अर्ध्या मिलिमोलने निघेल ०.२८ किलोज्यूल. काडतुसातली दारू ग्रॅममागे साडेतीन ते चार किलोज्यूल देते, म्हणजे ०.१ ग्रॅमची सगळी मिळून ०.३५ ते ०.४ किलोज्यूल. पाहिलंत? डब्यातली हवा पूर्ण वापरली गेली तर काडतुसाच्या जवळजवळ पाऊणपट उष्णता वर मिळते. आणि ही उष्णता नळीच्या मागच्या टोकाला, गोळी ढकलण्यात खर्च होत नाही; ती थेट बाहेर पडायच्या दाराशी मिळते.

अर्थात ही कमाल मर्यादा. गोळी डब्यातून अर्ध्या मिलिसेकंदात निघून जाते. तेवढ्यात सगळी हवा मिसळत नाही, काही न जळताच पुढे ढकलली जाते. प्रत्यक्षात यातला काही हिस्साच कामी येतो, पण कानाला तो पुरतो.

हेच गणित सैन्यात वापरतात त्या ५.५६ मिलिमीटरच्या रायफलला लावा; भोक जवळपास तेवढंच, पण काडतूस खूप मोठं. दारू सुमारे १.६ ग्रॅम, उष्णता सहा किलोज्यूल. डबा मोठा, ३०० घन सेंटिमीटर धरला तर त्यातल्या ऑक्सिजनने दीड किलोज्यूल. म्हणजे पाव हिस्सा. दारू भरपूर आणि हवा त्या मानाने कमी, म्हणून मोठ्या रायफलीत पहिल्या बाराचा फरक कमी जाणवतो. .२२मध्ये आणि पिस्तुलात तो सगळ्यात जास्त. पिस्तुलाची नळी आखूड, वायू जास्त गरम असतानाच डब्यात येतो, आणि दारूच्या मानाने डबा मोठा. लोक समजतात मोठी बंदूक तर हा दोषही मोठा; ते तसं नाही.

(पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, इथल्या हवेत ऑक्सिजन पाच-सहा टक्के विरळ. त्यामुळे इथे फरक पडेल का, असं मला एकदा कुणी विचारलं होतं. पडेल, पण कानाला कळणार नाही इतका थोडा.)

रायफलीत फरक कमी जाणवण्याचं दुसरंही कारण आहे, आणि आवाज मोजणाऱ्याने ते कायम ध्यानात ठेवायला हवं. बंदुकीचा आवाज एक नसतो. नळीच्या तोंडाचा धमाका वेगळा, बोल्ट किंवा पिस्तुलाच्या सरकत्या स्लाइडची खटखट वेगळी, आणि गोळी आवाजापेक्षा वेगाने जात असेल तर तिचा स्वतःचा सणसणीत कडाका वेगळा. हा कडाका गोळीच्या वाटेवर सगळीकडे उमटतो. सायलेन्सर त्याला हातही लावू शकत नाही. तो वाजत असला की पहिल्या बाराचा फरक त्याच्याखाली झाकला जातो. तुमच्या हातात बहुधा मंद गतीची काडतुसं होती, म्हणून फरक स्वच्छ ऐकू आला. एमपी-५ एसडी या जर्मन बंदुकीत नळीलाच छिद्रं पाडून वायू आधीच सोडतात आणि साधी गोळी आवाजाच्या वेगाखाली आणतात, ते या कडाक्यासाठीच.

इथे थंडीचा संबंध येतो, पण भाच्याने जोडला तसा नाही. आवाजाचा वेग तापमानावर ठरतो. २० अंशाला तो सेकंदाला ३४३ मीटर, उणे १० अंशाला ३२५च्या आसपास, आणि आपल्या मे महिन्यात ४० अंशाला ३५५. नेमबाजीची .२२ची गोळी ३२० ते ३३०ने निघते. पुण्यात ती बिनबोभाट जाईल; नॉर्वेच्या हिवाळ्यात तीच काठावर येते आणि एखादी गोळी मधेच कडाका देते. पण असा कडाका कुठल्याही गोळीला येईल, तिसऱ्या किंवा सातव्या. दर वेळी नेमका पहिलीलाच येणार नाही.

आता थंड नळीचं कारण सरळ तपासू. थंड धातू वायूची उष्णता जास्त शोषतो. मग थंड डब्यात पहिला बार उलट बारीक यायला हवा, आणि डबा तापत जाईल तसा आवाज हळूहळू वाढायला हवा. लांबलचक फैरीत तसं होतंही, थोडंसं. म्हणजे थंडीचा परिणाम खरा आहे, पण उलट्या दिशेने. दुसरी गोष्ट : एका .२२च्या गोळीने डबा तापतो तरी किती? दीडशे ग्रॅमचा ॲल्युमिनियमचा डबा घ्या. दारूची सगळीच्या सगळी उष्णता त्यात शिरली असं मानलं तरी तापमान तीन अंशांनी वाढत नाही. दुसऱ्या गोळीच्या वेळी डबा पहिल्याइतकाच थंड असतो. तरी आवाज पडतो. थंडी कारण असती तर तो दोन-दोन, तीन-तीन गोळ्यांनी उतरत गेला असता, एका गोळीत धाडकन नाही.

भाच्याचा गोंधळ कुठून आला असेल याचा अंदाज आहे. नेमबाजांमध्ये ‘कोल्ड बोअर’ची चर्चा फार असते : साफ केलेल्या थंड नळीतली पहिली गोळी बाकीच्या झुबक्यापासून जरा बाजूला लागते. ती गोष्ट खरी आहे, पण ती नेमाची. तिचा आवाजाशी संबंध नाही.

प्रयोगशाळेत ऑक्सिजनचं कारण सिद्ध करणं अवघड नाही. गोळी झाडण्याआधी डब्यात नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड भरला की पहिला बार बाकीच्यांसारखाच येतो. डबा तोच, तापमान तेच, काडतूस तेच. बदलला फक्त आतला वायू. मी अंधाऱ्या बोगद्यात हे जलद कॅमेऱ्यावर पाहिलेलं आहे. पहिल्या गोळीला डब्याच्या पुढच्या भोकातून नारिंगी जीभ बाहेर येते, मुळाशी निळसर, टोकाला फाटलेली, आणि कॅमेऱ्याच्या पुढच्या काही फ्रेममध्येच विझून जाते. दुसऱ्या गोळीला त्याच जागी फक्त करड्या धुराची बारीक रेघ. दाबाच्या आलेखावरही तेच : पहिल्या बाराचा शिखरबिंदू उंच, आणि त्याच्या खांद्यावर आणखी एक फुगवटा, जो पुढच्या आलेखांत सापडत नाही.

आता तुमची कॉफी. तुम्ही गेलात तेवढ्यात डब्यातला जळका वायू निवला. निवला की आकसला, आणि आकसला तेवढी बाहेरची हवा तोंडातून आत ओढली गेली. बोल्ट उघडा असेल तर मागूनही वाट मोकळी. नळी वर तोंड करून स्टँडला लावलेली असेल तर आतला गरम वायू वर चढतो आणि मागून थंड हवा खेचतो. मग डबा फार लवकर भरतो. वारा असेल तर आणखी लवकर. किती वेळात ‘पहिला बार’ परत येईल हे म्हणूनच ठरावीक नसतं. बोल्टच्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर बोल्ट उघडावा लागतो, तरी पटापट झाडलं तर आडपडद्यांमागचा वायू जागचा हलत नाही. रमतगमत झाडणाऱ्याला मात्र दुसरी-तिसरी गोळीही किंचित मोठी लागते.

यातली जी गोष्ट मला खरोखर महत्त्वाची वाटते ती मोजणीची आहे. सायलेन्सरच्या जाहिरातीत एक आकडा असतो : इतके डेसिबल कमी. तो बहुतेकदा सरासरी असतो. समजा पाच गोळ्या मोजल्या आणि १२४, ११७, ११७, ११६, ११८ डेसिबल आल्या. सरासरी ११८.४. दिसायला छान. पण पहिली गोळी बाकीच्यांपेक्षा सात डेसिबलने वर आहे, म्हणजे तिचा दाब सव्वादोन पट आहे, आणि ते त्या एका आकड्यात पार बुडालं. कित्येक ठिकाणी तर पहिली गोळी ‘डबा गरम करायला’ म्हणून मोजतच नाहीत. हे मला मुळीच मान्य नाही. कान सरासरी ऐकत नाही, तो प्रत्येक धक्का वेगळा झेलतो. शिकाऱ्याची तर दिवसातली एकमेव गोळी पहिलीच असते. पहिल्या बाराचा आकडा वेगळा छापला पाहिजे, आणि दोन पहिल्या बारांमध्ये डब्यात ताजी हवा नीट भरू दिली होती का, हेही लिहिलं पाहिजे.

मोबाइलच्या ॲपने हे मोजायच्या फंदात पडू नका. बंदुकीच्या आवाजाचं शिखर सेकंदाच्या काही लाखांश भागात चढतं. मोबाइलचा माइक तिथवर पोचतच नाही आणि त्याआधीच त्याची मर्यादा संपते. सगळेच बार सारखे दिसतील. अमेरिकन लष्करी मानक १४७४ प्रमाणे माइक नळीच्या तोंडापासून एक मीटर डावीकडे, जमिनीपासून १.६ मीटरवर ठेवतात. जागा हातभर बदलली तरी आकडा बदलतो, म्हणून दोन जाहिरातींतले आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

कानाबद्दल स्पष्ट सांगतो, कारण ‘सायलेन्सर आहे, मग कान झाकणारे मफ कशाला’ हे वाक्य मी फार ऐकतो. सायलेन्सरने साधारण २० ते ३५ डेसिबल उतरतात. सायलेन्सर नसलेली ५.५६ची रायफल १६५च्या घरात असते, म्हणजे उतरूनही ती १४०च्या जवळपास राहते. धक्क्याच्या आवाजाला १४० डेसिबल ही वरची हद्द मानतात. आपल्या कारखान्यांच्या नियमांतही तोच आकडा आहे. काठावरच्या बंदुकीत पहिल्या बाराचे चार-पाच डेसिबल हद्द ओलांडायला पुरतात. .२२ त्या मानाने सौम्य, पण शेजारच्या लेनवाल्याची बंदूक कुठली आहे हे तुमच्या हातात नसतं. म्हणून रेंजवर पाऊल ठेवल्यापासून कानावर मफ हवाच, सायलेन्सर असो वा नसो. गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही आणि ती जाताना दुखतही नाही.

इथे पुण्यात हे करून बघता येईल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नाही. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालच्या नियमांत बंदुकीचा आवाज किंवा ज्वाला कमी करणारी साधनं प्रतिबंधित वर्गात येतात. साध्या परवान्यावर ती बाळगता येत नाहीत आणि घरी बनवणं हा गुन्हा आहे. बालेवाडीच्या रेंजवर .२२चे नेमबाज रोज सराव करतात, तिथे साध्या नळीचा आवाज ऐकून तुलनेसाठी कान तयार करता येईल, एवढंच.

नॉर्वेला पुन्हा गेलात तर मात्र भाच्याला एक प्रयोग करायला सांगा. रेंजच्या नियमांत बसेल असाच, मफ घालून. वीस-तीस गोळ्या पटापट झाडू दे, म्हणजे डबा हाताला गरम लागेल. मग रायफल रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून, तोंड लक्ष्याकडेच राहील अशी बाकावर ठेवा आणि नळीतून वारा खेळू द्या. डबा अजून ऊबदार असतानाच पुढची गोळी झाडा. त्याचं कारण बरोबर असेल तर ती बारीक येईल. माझं बरोबर असेल तर ‘फट्ट’ वाजेल. काय झालं ते कळवा, आणि त्यासोबत त्या दिवशीचं तापमान, वारा होता का, आणि काडतुसांच्या खोक्यावर छापलेला गोळीचा वेग, एवढं न विसरता लिहून ठेवा.